टायपिस्ट कुठे गेले?

दहावी-बारावीतलं मूल घरात असलं की एक प्रश्न हमखास निघतो : हे शिकून ठेवलं, तर आणखी पंधरा वर्षांनी याला विचारणारं कुणी असेल का? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर तयार असे. मॅट्रिकची परीक्षा संपली की सुट्टीत टायपिंगचा क्लास लावायचा. मिनिटाला इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस शब्दांचं सर्टिफिकेट काढायचं, आणि चिकाटी असेल तर शॉर्टहँडही करून टाकायचं. पुणे असो, नागपूर असो की बेळगाव, सल्ला हाच मिळे आणि तो चांगला सल्ला होता. त्या कागदांच्या जोरावर हजारो मुलंमुली कारकुनीला लागली. काहींना केंद्र सरकारच्या नोकरीनं थेट दिल्लीला नेऊन बसवलं.

महाराष्ट्रात टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा २०१७ साली शेवटची झाली. नंतरच्या परीक्षा संगणकावर. सरकारी कचेऱ्यांतला तो खडखडाट त्याच्याही कितीतरी आधी थांबला होता. मग टायपिस्ट गेले कुठे? त्यांना कामावरून काढल्याची बातमी आपण कधी वाचली नाही, त्यांचा मोर्चा निघाल्याचंही फारसं आठवत नाही. तरी एवढा मोठा पेशा नाहीसा झाला. पेशे नेमके कसे संपतात हे समजून घ्यायला मी वाचकाला दिल्लीतल्या सरोजिनी नगरात नेणार आहे, कारण तिथल्या घरांच्या रचनेतच सरकारी कामांची उतरंड मांडलेली होती.

१. पगाराप्रमाणे घर

दिल्लीबाहेरच्या माणसाला सरोजिनी नगर म्हटलं की स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. त्या बाजाराला पोसलं ते आसपासच्या सरकारी वसाहतीनं. स्वातंत्र्यानंतर दिल्लीवर एकाच वेळी दोन लोंढे आले : फाळणीनं उखडलेली माणसं आणि नव्या राज्ययंत्रणेला लागणारे कर्मचारी. पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज हे खातं पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होतं. त्या काळात आणि त्यानंतरच्या दशकात दिल्लीच्या दक्षिणेला सरकारी क्वार्टरांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यांतली एक विनय नगर. पुढे तिला सरोजिनी नायडूंचं नाव मिळालं.

अशा वसाहतीत घर मिळतं ते पगाराच्या पायरीप्रमाणे. आजच्या नियमानुसार वेतनाच्या पहिल्या स्तरावरच्या कर्मचाऱ्याला टाइप-एकचं घर, दोन ते पाच स्तरांना टाइप-दोन, सहा ते आठ स्तरांना टाइप-तीन, आणि असंच वर. कनिष्ठ लिपिक, म्हणजे दिल्लीच्या बोलीत एलडीसी, दुसऱ्या स्तरावर. वरिष्ठ लिपिक आणि कनिष्ठ स्टेनो चौथ्यावर. सेक्शनमधला सहायक अधिकारी सातव्यावर. शिपाई पहिल्यावर. पत्त्यातला टाइप वाचला की घरातला कमावता माणूस फाइल लिहितो, टाइप करतो की उचलतो, याचा बराचसा अंदाज येई.

अनेक वर्षं या वसाहतीतून रोज सकाळी सेंट्रल सेक्रेटरिएटकडे बसेस भरून जात. त्यांत टायपिस्ट असत, स्टेनो असत, डाक नोंदवणारे डिस्पॅचर, फायली बांधणारे दफ्तरी, सतरंज्या आणि फर्निचर सांभाळणारे फर्राश, जमादार, गेस्टेटनर यंत्रावर प्रती काढणारे ऑपरेटर. आकडेमोडीचं कॉम्प्टोमीटर नावाचं यंत्र चालवणारे कॉम्प्टिस्ट असत, पंचकार्डं पाडणारे की-पंच ऑपरेटर असत. यांतली अर्धीअधिक पदनामं आज तरुण वाचकाला समजावून सांगावी लागतील.

२०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सरोजिनी नगरसह दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्यानं बांधायला मंजुरी दिली. सुमारे १३ हजार जुन्या घरांच्या जागी सुमारे २५ हजार नवी घरं, अशी ती योजना. २०१८ मध्ये झाडं तोडण्यावरून नागरिक न्यायालयात गेले आणि या वसाहतींची नावं देशभर पोचली. चर्चा झाडांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण बैठ्या नि दुमजली क्वार्टरांबरोबर विसाव्या शतकातल्या कारकुनी पेशांची वस्तीही मोडली जात होती, याची नोंद कुठे फारशी झाली नाही.

२. पेशा म्हणजे गोधडी

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करू. आपण ‘टायपिस्टचं काम’ असं एकवचनात म्हणतो, पण कुठलाही पेशा एकाच कामाचा बनलेला नसतो. तो गोधडीसारखा अनेक तुकड्यांचा असतो. टायपिस्टच्या दिवसात साहेबाचं अक्षर लावणं असे, चुकलेलं व्याकरण गुपचूप सुधारणं असे, पत्राचा मायना ठरवणं, प्रती काढणं, त्या जुळवून पिन मारणं, पाकिटावर पत्ता घालणं, आणि कुठलं पत्र आज गेलंच पाहिजे हे लक्षात ठेवणंही असे. नवं यंत्र येतं तेव्हा ते सगळी गोधडी एकदम ओढून नेत नाही, एखादा तुकडा उसवतं. उरलेले तुकडे कधी त्याच माणसाकडे राहतात, कधी दुसऱ्याच्या गोधडीला जोडले जातात.

म्हणून यंत्रानं पेशा पूर्ण गिळल्याची उदाहरणं वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेत सुमारे २७० पेशांची यादी होती. जेम्स बेसन या अर्थशास्त्रज्ञानं पुढच्या सहा दशकांत त्यांचं काय झालं ते तपासलं. काही पेशे मागणी आटल्यानं गेले, काहींचं तंत्र जुनं झालं, पण निव्वळ स्वयंचलित यंत्रामुळे नाहीसा झालेला पेशा त्यांना एकच सापडला : लिफ्ट चालवणारा. आपल्याकडे तोही अजून पुरता गेलेला नाही. दिल्ली-मुंबईतल्या कितीतरी सरकारी इमारतींत लिफ्टमन स्टुलावर बसलेला दिसतो.

तेव्हा एखादं काम कालबाह्य झालं असं कुणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं : संपलं ते काय? काम संपलं, कसब संपलं, की पद संपलं? काम म्हणजे करायची गोष्ट : पत्र लिहून पाठवणं, खोली झाडणं. कसब म्हणजे ते करण्याची हातातली कला. आणि पद म्हणजे पगार, रजा, निवृत्तिवेतन आणि सरोजिनी नगरचं घर ज्याला चिकटलेलं आहे ती खुर्ची. ही तीन वेगळी मरणं आहेत. पुढच्या विभागांत तिन्ही पाहू.

३. स्टेन्सिल कापणारे हात

आधी कसब. झेरॉक्स यायच्या आधी परिपत्रकाच्या दोनशे प्रती काढायच्या तर काय करावं लागे?

पाच-सहा प्रती हव्या असतील तर कार्बन. वर जाड कागद, मग कार्बन, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन. शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटायचं तर कळ जोरात मारावी लागे. एक अक्षर चुकलं की प्रत्येक कार्बनमागे कागदाचा कपटा सरकवून प्रत्येक प्रत वेगळी खोडायची, मग रोलर बरोबर त्याच ओळीवर आणून पुन्हा मारायचं. कपटा काढायला विसरलं तर खालच्या प्रतीत तेवढी जागा कोरी राही.

दोनशे प्रतींसाठी स्टेन्सिल. हा मेण लावलेला कागद. यंत्रावरचा खटका फिरवून रिबन बाजूला करायची, म्हणजे धातूचं अक्षर थेट मेणावर आपटून ते कापतं. इथे बोटांचं खरं शिक्षण लागे. कळ हलकी पडली तर अक्षर कापलंच जात नाही. जोरात पडली तर ‘ओ’ किंवा ‘ई’सारख्या बंद इंग्रजी अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि छापताना तिथे शाईचा काळा ठिपका येतो. म्हणून चांगला टायपिस्ट प्रत्येक अक्षराला वेगळा जोर देई. पूर्णविरामाला अगदी कमी, नाहीतर कागदाला भोक. चूक झाली तर करेक्शन फ्लुइडचा पातळ थर लावायचा, फुंकर घालून वाळवायचा, आणि त्यावर पुन्हा कळ मारायची. मग तो स्टेन्सिल गेस्टेटनरच्या शाईच्या रोलरवर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. एकेक कागद ओला होऊन बाहेर पडे.

लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनरनं हे तंत्र १८८० च्या दशकात बाजारात आणलं आणि शंभर वर्षं ते जगभरच्या कचेऱ्यांत टिकलं. इतकं टिकलं की भारत सरकारात ‘गेस्टेटनर ऑपरेटर’ हे कंपनीच्या नावाचं पदच तयार झालं, कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा पायऱ्यांसह. मग झेरॉक्स यंत्र आलं आणि हे कसब एका दशकात निरुपयोगी झालं. प्रती काढायचं काम मात्र वाढलं! पूर्वी दोनशे प्रती निघत, आता पाचशे निघू लागल्या, कारण त्रासच उरला नाही. काम वाढलं आणि कसब मेलं, अशी ही पहिली तऱ्हा.

ते कसब असलेल्या बोटांबद्दल मला आदर वाटतो. प्रत्येक अक्षराचा जोर बोटांना ठाऊक असणं ही तबलजीच्या तोडीची तयारी आहे. तिला कधी कुणी कला म्हटलं नाही, कारण ती पगारासाठी केलेली होती.

४. सगळ्यांनाच येऊ लागलं तेव्हा

टायपिंगची गोष्ट स्टेन्सिलच्या उलट आहे. हे कसब मेलं नाही, पसरलं. आज भारतात जेवढी माणसं टाइप करतात तेवढी इतिहासात कधी करत नव्हती.

कर्मचारी निवड आयोगाची आजची लिपिकाची परीक्षा पाहा. इंग्रजीसाठी मिनिटाला ३५ शब्दांचा वेग लागतो. जाहिरातीत तोच वेग तासाला १०,५०० कळदाब असाही दिलेला असतो. हा आकडा कुठून आला? टायपिंगच्या हिशेबात पाच कळदाबांचा एक शब्द धरतात. ३५ गुणिले ५ म्हणजे मिनिटाला १७५, आणि गुणिले ६० मिनिटं म्हणजे १०,५००. हिंदीसाठी ३० शब्द, म्हणून ९,०००. पाच कळदाबांचा हा हिशेब टाइपरायटरच्या जमान्यातला. यंत्र भंगारात गेलं, त्याची मोजपट्टी संगणकावरच्या परीक्षेत चालू राहिली.

हा वेग आज कितीतरी पदवीधर मुलांना थोड्या सरावानं साधतो. जे पूर्वी शंभरात दोघांना येई ते साठ जणांना येऊ लागलं की त्याचा वेगळा पगार कोण देणार? त्यातून ई-ऑफिस आलं, म्हणजे फाइलच संगणकावर गेली. अधिकारी स्वतःची टिप्पणी स्वतः टाइप करून पुढे सरकवतो. पूर्वीची साखळी अशी होती : अधिकारी बोलणार, स्टेनो लिहून घेणार, टायपिस्ट टाइप करणार, डिस्पॅचर नोंद करणार, शिपाई फाइल पोचवणार. ती आता एका बोटाच्या टिचकीत आली. टायपिस्टचं काम अधिकाऱ्याच्या गोधडीला जोडलं गेलं, तेही त्याच पगारात. वेगळं काम म्हणून ते संपलं.

यंत्र बनवणाऱ्यांची कथाही इथेच सांगून टाकतो, कारण ती महाराष्ट्रात घडली. गोदरेज अँड बॉयसनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनी वर्षाला सुमारे ५० हजार यंत्रं बनवत होती. २००० नंतर इतर कंपन्यांनी हात काढून घेतला, तरी गोदरेजच्या शिरवळच्या कारखान्यातून वर्षाला दहा-बारा हजार यंत्रं बाहेर पडत होती. घेणारे कोण? मुख्यतः न्यायालयं, संरक्षण खात्याच्या कचेऱ्या, सरकारी कार्यालयं. २००९ मध्ये उत्पादन थांबलं. २०११ मध्ये उरलेली काहीशे यंत्रं विकायला असल्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला आज गोदरेजचे फ्रिज बनतात.

स्टेनोचं काय? डिक्टेशन देणारे अधिकारी कमी झाले, तरी कर्मचारी निवड आयोग दरवर्षी स्टेनोग्राफरची परीक्षा घेतोच. खालच्या श्रेणीला मिनिटाला ८० शब्द, वरच्या श्रेणीला १००, दहा मिनिटं डिक्टेशन. कारण स्टेनोच्या गोधडीत लघुलेखनाखेरीज एक मोठा तुकडा आहे : विश्वासाचा. साहेबाच्या भेटी ठरवणं, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला थोपवायचं, कुठला फोन आता द्यायचा, गोपनीय कागद कुणाच्या हातात जाऊ द्यायचा नाही. यंत्र यातलं काही करत नाही. पिटमनच्या लघुलिपीच्या रेघा रोजच्या कामात कमी उपयोगी पडत असल्या तरी त्या खुर्चीच्या दारावर पहाऱ्याला उभ्या आहेत, आणि त्या गिरवल्याशिवाय आत प्रवेश नाही.

५. नोकरीवर कुणी गदा आणली नाही, तरी

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. टायपिस्ट कुठे गेले?

ते निवृत्त झाले. सरकारात पेशा असाच संपतो : असलेल्या माणसाला हात लावायचा नाही, पण तो निवृत्त झाला की खुर्ची भरायची नाही. मंत्रालयाच्या भाषेत याला संवर्ग मृत घोषित करणं म्हणतात, आणि रिकामं झालेलं पद व्यपगत होतं. हे बाहेरून कसं दिसतं ते एका सोप्या हिशेबानं पाहू.

समजा एका खात्यात १०० टायपिस्ट आहेत आणि वीस ते साठ या वयांत ते सारखे विखुरलेले आहेत. सरासरी वय ४०. दरवर्षी अडीच माणसं साठीला पोचून निवृत्त होणार. आज भरती बंद केली. दहा वर्षांनी ७५ उरतील, सगळे तिशीच्या पुढचे, सरासरी वय ४५. वीस वर्षांनी ५०, सरासरी ५०. तीस वर्षांनी २५, सरासरी ५५.

पहिली दहा वर्षं नीट पाहा. चारांपैकी तीन खुर्च्या भरलेल्या आहेत, एकाचीही नोकरी गेलेली नाही, पगारवाढ वेळेवर होते आहे. आतल्या माणसाला विचारलं तर तो मनापासून सांगेल की आमच्याकडे सगळं ठीक आहे. आणि तरी नव्या मुलासाठी तो पेशा दहा वर्षांपूर्वीच संपलेला आहे. त्या दहा वर्षांत घरातल्या मोठ्यांचं ऐकून ज्यांनी टायपिंगचे क्लास लावले, त्यांना आपलं काय चुकलं ते कधी कळलंच नाही.

म्हणून एखादा पेशा मावळतीला लागला आहे का हे ओळखायचं, तर त्यात किती लोक काम करतात हे पाहून उपयोग नाही. त्यात गेल्या तीन-चार वर्षांत नवं कोण लागलं ते पाहावं. एखाद्या कचेरीत, कारखान्यात, वर्तमानपत्रात गेलात तर सगळ्यात तरुण माणूस शोधा आणि त्याचं वय विचारा. तो पंचेचाळिशीचा निघाला तर आपल्या मुलाला तिथे पाठवू नका, मग तिथला पगार कितीही चांगला असो.

हा सावकाश मावळण्याचा प्रकार दयाळू आहे, हे मान्य करायलाच हवं. मराठी माणसाला दुसरा प्रकार चांगला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना परत कामावर जाताच आलं नाही. माग चालवणारा साचेवाला चाळिशीत घरी बसला, त्याची मुलं शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागली. सरोजिनी नगरच्या टायपिस्टच्या मुलानं कॉलेज पूर्ण केलं. दोन्ही पेशे मोडले यंत्रानं आणि बदललेल्या बाजारानं. फरक होता तो मोडताना माणसाला किती वेळ मिळाला याचा.

या दोहोंच्या मधला एक प्रकार अलीकडे झाला. बीएसएनएलनं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बाहेर पडले. पैसे मिळाले. पण ज्यांच्या हाताला लँडलाइनच्या तारा जोडायची सवय होती, त्यांना पन्नाशीत सकाळी जायला जागा उरली नाही.

६. झाडू तोच, खुर्ची गेली

आतापर्यंत यंत्रं होती. आता तिसऱ्या मरणाकडे येऊ, आणि माझ्या मते या प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या सहाव्या वेतन आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला. त्यात केंद्र सरकारातली ‘ड’ वर्गाची रचनाच काढून टाकायची शिफारस होती, आणि ती स्वीकारली गेली. शिपाई, दफ्तरी, जमादार, फर्राश, चौकीदार, माळी, सफाईवाला, गेस्टेटनर ऑपरेटर अशी वेगवेगळी पदं एकत्र करून एकच पद झालं : मल्टी टास्किंग स्टाफ, म्हणजे एमटीएस. २०१० मध्ये केंद्राच्या कार्मिक खात्यानं या पदाच्या कामांची यादी काढली. ती वाचली की जुने पेशे एकेक करून ओळखू येतात. ‘सेक्शनच्या अभिलेखांची देखभाल’ हा जुना दफ्तरी. ‘फायली व कागद नेणं’ हा शिपाई. ‘छायाप्रती काढणं, फॅक्स पाठवणं’ हा गेस्टेटनरवाला. ‘खोल्या उघडणं-बंद करणं, फर्निचर पुसणं’ हा फर्राश. ‘राखण’ हा चौकीदार, ‘बागा, हिरवळ, कुंड्या’ हा माळी. परवाना असेल तर गाडीही चालवायची आहे.

या बदलाची एक बाजू चांगली होती. त्यात वर्ग ‘ड’ म्हणून माणसावर बसलेला शिक्का गेला, पगार वाढला, मॅट्रिक नसलेल्यांना प्रशिक्षण देऊन वर घेतलं गेलं. पण रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांचं काय झालं? कचेऱ्यांची झाडलोट, पहारा, बागकाम ही कामं दिवसेंदिवस कंत्राटदारांकडे गेली.

हे टायपिस्टसारखं झालं, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. टायपिस्टचं काम यंत्रामुळे दुसऱ्याच्या टेबलावर गेलं. झाडू मात्र होता तसाच आहे. खोली तेवढीच आहे, धूळ दिल्लीची, त्यामुळे जास्तच आहे, आणि सकाळी नऊच्या आत ती झाडावी लागतेच. कुठल्याही यंत्रानं हे काम केलेलं नाही. काम जिवंत, कसब जिवंत, फक्त पद गेलं. पदाबरोबर रजा गेली, निवृत्तिवेतन गेलं, मुलाच्या आजारपणात मिळणारा औषधोपचार गेला आणि टाइप-एकचं घर गेलं. पूर्वी कचेरी झाडणारा माणूस सरोजिनी नगरात राहू शके, त्याची मुलं सेक्शन अधिकाऱ्याच्या मुलांबरोबर एकाच शाळेत जात. आज तेच काम करणारी बाई दूरच्या वस्तीतून पहाटे बस पकडते. अशा बदलाला काळाचा महिमा म्हणणं ही फसवणूक आहे. हा कुणीतरी फाइलवर सही करून घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णय बदलता येतो.

७. भुर्दंड कुणाला?

यंत्र येतं तेव्हा नुकसान नेमकं कुणाचं होतं, याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटरांवर झाला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे फोन जोडून देणं हे तरुण मुलींचं हमखास काम होतं. १९२० ते १९४० या काळात एकेका शहरात आपोआप जोडणी करणारी यंत्रं बसली. जेम्स फाइगेनबाउम आणि डॅनियल ग्रॉस यांनी या शहरांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. ज्या मुली अजून नोकरीला लागायच्या होत्या त्यांचं एकूण फारसं बिघडलं नाही, त्यांनी दुसरी कामं धरली. त्यांतलं एक मोठं काम म्हणजे कचेरीतलं टायपिंग आणि सेक्रेटरीपण! पण ज्या आधीच ऑपरेटर होत्या त्यांचं बिघडलं. दहा वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यापैकी अनेकजणी कामाबाहेर होत्या किंवा कमी पगाराच्या कामावर.

म्हणजे भुर्दंड पडतो तो मधल्या माणसावर. कसब हाताला बसलेलं आहे, घर त्यावर चालतं आहे, आणि निवृत्तीला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत. सरकारी टायपिस्टला या पंधरा-वीस वर्षांत पद तारून नेतं. त्याला दुसऱ्या टेबलावर बसवतात, एलडीसीच्या रांगेत घेतात, संगणकाचं प्रशिक्षण देतात. ज्याच्यामागे पद नाही, त्याला कोण तारणार?

महाराष्ट्रातल्या टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्यांचा विचार करा. लहान गावात माडीवरची एक खोली, तीत ओळीनं मांडलेले रेमिंग्टन, फॅसिट, हाल्डा, गोदरेज, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाच्या बॅचेस. गावातल्या दोन पिढ्या नोकरीला लावल्याचं पुण्य या खोल्यांच्या नावावर आहे. विशेषतः मुलींच्या. घरापासून जवळ, फी परवडणारी, आणि शेवटी सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट, म्हणून बाप नाही म्हणत नसे. परीक्षा संगणकावर गेली तेव्हा मालकांना सगळी यंत्रं बाजूला काढून पदरच्या पैशानं संगणक घ्यावे लागले. ज्यांना जमलं ते टिकले. ज्यांना जमलं नाही त्यांनी कुलूप लावलं. लोखंडाच्या भावानं विकलेली ती यंत्रं हेच त्यांचं भांडवल होतं.

८. फाटकाबाहेर

पेशा मावळला तरी त्याचे काही तुकडे अनपेक्षित ठिकाणी तग धरतात. सरोजिनी नगरच्या बाजारात याचं उदाहरण उघड दिसतं. निर्यातीतून उरलेल्या तयार कपड्यांनी अंगाचं माप घेऊन कपडे शिवणाऱ्या शिंप्याचा धंदा खाल्ला. पण ते कपडे परदेशी मापांचे. बाही लांब, कंबर सैल. म्हणून याच बाजाराच्या आसपास शिलाई यंत्र घेऊन कपडे अंगाबरोबर करून देणारे कारागीर बसतात. शिंप्याच्या गोधडीतला एकच तुकडा उरला, आणि ज्या लाटेनं बाकीचे नेले तिनंच तो जगवला.

कधी पूर्ण मेलेलं कसबही परत बोलावलं जातं. मोडी लिहिणारा-वाचणारा कारकून हा पेशवाईपासून इंग्रजी अमलापर्यंत मराठी कारभाराचा कणा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी व्यवहारातून गेली आणि तो पेशा संपला. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि महाराष्ट्रभर तहसिलींतली जुनी दप्तरं उघडली. त्यांतले अनेक कागद मोडीत. वाचणारे मोजके. ज्यांनी केवळ आवडीनं मोडी शिकून ठेवली होती त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी आली. अशा योगायोगावर कुणी पोट भरायचं ठरवू नये, पण कसब नोंदवून, शिकवून जिवंत ठेवण्याचं महत्त्व यातून कळतं. स्टेन्सिल कापणारी शेवटची बोटं अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घ्यायला हवं.

आणि न्यायालयांच्या, तहसिलींच्या बाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणारे टायपिस्ट? त्यांना ना पद होतं, ना निवृत्तिवेतन. प्रतिज्ञापत्र, करारनामा, अर्ज, पानामागे ठरलेला दर, एवढंच. त्यांच्यातल्या पुष्कळांनी टाइपरायटर हटवून लॅपटॉप आणि प्रिंटर आणला. आता टेबलावर पाटी असते : ऑनलाइन फॉर्म भरून मिळेल. आधार, पॅन, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, रेशनकार्डातली दुरुस्ती. कागदावरचा अर्ज बंद झाला, पण अर्जातला ‘वार्षिक उत्पन्न’ हा रकाना कसा भरायचा, कुठला दाखला जोडायचा, फोटो किती केबीचा हवा, हे कळणारा माणूस लोकांना लागतोच. टायपिस्टच्या जुन्या कामातलं समजून घेणं आणि समजावून देणं एवढं त्यांच्याकडे राहिलं, आणि त्याचेच आता पैसे मिळतात.

हे पैसे टिकून आहेत ते सरकारी संकेतस्थळं किचकट आहेत म्हणून. ती सोपी झाली, मराठीत बोलून अर्ज भरता येऊ लागला, तर लोकांचा मोठा फायदा होईल आणि तो व्हायलाच हवा. त्या दिवशी झाडाखालच्या या माणसाचा दुसरा पेशा मावळेल, तो तेव्हा पन्नाशीत असेल, आणि त्याच्या नावाची नोंद असलेलं हजेरीपत्रक कुठल्याच कचेरीत सापडणार नाही. त्याची सोय त्याआधी करायची तर आज असे किती लोक, कुठल्या कचेरीबाहेर, किती वर्षांपासून बसतात याची मोजणी तालुक्यातालुक्यांतून सुरू व्हायला हवी.